रीची माजोंग: सोंगट्या जुळल्या, तरी आठ हजार मीच भरले

निशीकासाईकर
शुक्रवार, रात्री ११.५२

मंडळी, आज चांगलंच हसं करून घेऊन आलोय. झोप येत नाहीये म्हणून धागा काढतो.

टोकियोत येऊन दीड वर्ष झालं. ऑफिसातले तिघे दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी एकाच्या घरी माजोंग खेळतात. त्यांचा चौथा गडी बदली होऊन ओसाकाला गेला आणि त्यांनी मला धरलं. "आमच्याकडे रमी असते, तसंच ना हे?" असं मीच फुशारकीने म्हणालो होतो. दिवाळीच्या सुट्टीत आजोबांच्या मांडीला मांडी लावून पॉइंट रमी खेळलेला माणूस मी, मला काय अवघड.

तासभर नुसतं बघितलं. कळलं ते एवढंच की हातात तेरा सोंगट्या, एक उचलायची, एक टाकायची. तीन-तीनचे चार गट आणि एक जोडी झाली की डाव आपला. तेवढ्या भांडवलावर बसलो.

तिसऱ्या डावात माझं असं जमलं (बांबू, मान, पिन हे सोंगट्यांचे तीन रंग). उघड्यावर बांबू ७-८-९ आणि मान १-२-३, दोन्ही डावीकडच्याने टाकलेलं उचलून केलेले. हातात पिन ४-५-६, पिन ९-९ आणि बांबू २-३. म्हणजे बांबू १ किंवा ४ आली की संपलं. समोरच्या साहेबांनी बांबू ४ टाकली. मी "रोन!" (म्हणजे दुसऱ्याने टाकलेल्या सोंगटीवर डाव माझा) म्हणून असा काही ओरडलो की आतल्या खोलीत झोपलेलं त्यांचं पोर उठलं. ऐटीत सोंगट्या आडव्या केल्या. तिघेही वाकून बघत राहिले. मग यजमान अगदी हळू, जणू माझ्या घरी काही वाईट झालंय अशा आवाजात म्हणाले, "आणि... याकू?"

याकू नव्हता. तो काय असतो हेच मला माहीत नव्हतं. या प्रकाराला म्हणे 'चोनबो' म्हणतात. दंड म्हणून ओयाला, म्हणजे डाव वाटणाऱ्याला, ४०००, उरलेल्या दोघांना २०००-२०००. पैसे नाही, नुसते गुण, पण सगळं जुळवून वर दंड भरायचा हे काही पचेना.

तर दोन प्रश्न. एक, हा याकू नेमका काय प्रकार आहे? दोन, टाकलेल्या सोंगट्या हे लोक आपापल्या पुढ्यात सहा-सहाच्या ओळीत इतक्या शिस्तीत का लावतात? मी आपलं मधे कुठेतरी भिरकावत होतो तर शेजाऱ्याने दोनदा न बोलता उचलून नीट मांडल्या. स्वच्छतेची आवड म्हणावं तर त्याचं ऑफिसातलं टेबल मी बघितलंय.


नुसताच_वाचक
शनिवार, सकाळी ७.१०

कायम रोमात (नुसता वाचत) असतो, पण हा विषय माझा आहे. कॉम्प्युटरवर ढिगातून सारख्या जोड्या शोधून काढायच्या तेच ना? पंधरा वर्षं खेळतोय. एकदाही दंड बसला नाही.


रमीबहाद्दर
शनिवार, सकाळी ९.२५

@नुसताच_वाचक, ते नव्हे. तो एकट्याने खेळायचा खेळ फक्त या सोंगट्यांची चित्रं उसनी घेतो. हा चौघांचा.

@निशीकासाईकर, रमी येते हे तुझं खरं तर भाग्यच, फक्त तू तिथेच थांबलास. मी पुण्यात बसून गेली चार वर्षं ऑनलाइन खेळतोय, तर जमेल तसं सांगतो.

सोंगट्या १३६. चौतीस प्रकार, प्रत्येकाच्या चार. तीन रंग धर, म्हणजे आपल्या इस्पिक-बदामसारखे, पण १ ते ९ एवढेच. मान म्हणजे दहा हजार, पिन म्हणजे नाणी, सो म्हणजे बांबू. गंमत अशी की तिन्ही मुळात पैसाच आहे: नाणं, नाण्यांची दोरीत ओवलेली माळ (तिलाच आपण बांबू म्हणतो) आणि दहा हजार. चीनमध्ये पैशाच्या चिन्हांचे पत्ते होते, तिथून हे आलं. उरल्या सात प्रकारच्या मानाच्या सोंगट्या: चार वारे म्हणजे पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, आणि तीन ड्रॅगन म्हणजे पांढरा, हिरवा, लाल. या सातांचा सिक्वेन्स होत नाही, तिकडीच लागते. पांढरा ड्रॅगन जपानी संचात चक्क कोरा असतो. मला पहिल्यांदा वाटलं छापायची राहिली.

आता याकू. रमीत प्युअर सिक्वेन्स नसेल तर बाकी सगळं जुळूनही शो लागत नाही, बरोबर? तू घाईत शो केलास तर भुर्दंड तुझाच. इथे प्युअर सिक्वेन्सच्या जागी याकू आहे. चार गट अधिक जोडी ही झाली नुसती हाताची ठेवण. त्या ठेवणीला काहीतरी नाव असलं पाहिजे, ती ठरलेल्या यादीतल्या कुठल्यातरी एका नमुन्यात बसली पाहिजे. यादी मोठी आहे, पण तू पहिले सहा महिने चारच धर.

रीची: हात बंद आहे, कुणाचं काही उचललेलं नाही, आणि एका सोंगटीने अडलाय. मग "रीची" म्हणायचं, टाकायची सोंगटी आडवी ठेवायची, हजाराची काडी टेबलावर ठेवायची. यानंतर हात बदलता येत नाही. हाच याकू.

तानयाओ: हातात फक्त २ ते ८. एक, नऊ, वारे, ड्रॅगन काही नको. बहुतेक ठिकाणी हा उघड्या हातानेही चालतो.

याकुहाई: ड्रॅगनची तिकडी, किंवा आपल्या जागेच्या वाऱ्याची, किंवा चालू फेरीच्या वाऱ्याची. तिकडी झाली की याकू खिशात, बाकी काहीही करा.

बंद हाताने स्वतः उचलून जिंकणं: म्हणजे मेनझेन त्सुमो. हा आपोआप होतो.

तुझा हात बघ. दोनदा 'ची' केलंस तिथेच हात उघडा पडला, म्हणजे रीची बाद आणि त्सुमोचाही याकू बाद. १ आणि ९ आहेत, तानयाओ बाद. ड्रॅगन-वारा काही नाही. म्हणजे दुसऱ्यांदा 'ची' म्हणालास तेव्हाच तू मेला होतास, रोन ओरडेपर्यंत तुला कळलं नाही इतकंच. तोच हात न उघडता जमवला असतास तर रीची लावून बसता आलं असतं.

नवशिक्याला माझा एकच सल्ला. 'ची' किंवा 'पॉन' म्हणण्याआधी मनात याकूचं नाव घ्यायचं. नाव सुचलं नाही तर तोंड बंद.


निशीकासाईकर
शनिवार, सकाळी ९.५८

बहाद्दर, साष्टांग नमस्कार. प्युअर सिक्वेन्सचं उदाहरण दिलंत आणि डोक्यात उजेड पडला. 'ची' आणि 'पॉन'मधला फरक अजून नीट कळलेला नाही. मी एकदा समोरच्याची सोंगटी 'ची' म्हणून उचलायला गेलो तर त्याने हातावर हात ठेवला.


रमीबहाद्दर
शनिवार, सकाळी १०.१४

'ची' म्हणजे सिक्वेन्ससाठी, आणि तो फक्त डावीकडच्याकडून घेता येतो, कारण त्याच्यानंतर पाळी तुझीच असते. 'पॉन' म्हणजे तिकडीसाठी, तो कुणाकडूनही. 'कान' म्हणजे चारही सारख्या. दोघांनी एकदम तोंड उघडलं तर पॉन हा चीच्या वर, आणि रोन सगळ्यांच्या वर.

पाळी उजवीकडे फिरते. पूर्वेच्या उजव्या हाताला दक्षिण बसते. पूर्वेकडे बसून टेबलाकडे तोंड केलं तर नकाशाप्रमाणे उजवीकडे उत्तर यायला हवी. तेव्हा नकाशा डोक्यात घेऊन बसू नकोस, मी दोन महिने बसलो होतो.


कुलाब्याची_माई
शनिवार, दुपारी २.४०

धागा वाचून हात शिवशिवले. आमचे हे नेव्हीत होते, त्यामुळे माझी निम्मी दुपार मेसमधल्या माजोंगच्या टेबलावर गेली असं म्हटलं तरी चालेल. लग्न होऊन आले तेव्हा मला ना इंग्रजी धड येत होतं ना पार्टीतलं बोलणं. पण माजोंग शिकले आणि बायकांत बसायला जागा मिळाली.

पण तुमचं हे वेगळंच दिसतंय. आमच्या संचात १४४, कारण फुलं आणि ऋतू असतात आठ. फूल आलं की बाजूला ठेवून दुसरी उचलायची. आणि टाकलेल्या सोंगट्या आम्ही खुशाल मधोमध ढिगात टाकतो. कोणी काय टाकलं हे ज्याने त्याने आपलं आपण ध्यानात ठेवायचं. माझी एक मैत्रीण होती, विणता विणता खेळायची आणि तरी तिला सगळं आठवायचं.

या सोंगट्या ढवळतानाचा आवाज मात्र मला अजून झोपेत ऐकू येतो. माजोंग म्हणजे चिमणी, ते त्या चिवचिवाटावरून असं आम्हाला सांगितलं होतं. खरं-खोटं देव जाणे.

निशीकासाईकर, तुम्ही ओरडलात आणि पोर उठलं, यावर मी बराच वेळ हसत होते. रागावू नका हं.


चिबाकाका
शनिवार, रात्री ९.०५

अरे वा, आपल्या लोकांत माजोंगचा धागा! तेवीस वर्षं झाली जपानात, त्यातली निदान वीस या नादात.

माई, तुम्ही नकळत निशीकासाईकरच्या दुसऱ्या प्रश्नाच्या मुळाशी हात घातलात. तुमच्याकडे ढीग, इकडे ओळी. रीचीतला अर्धा खेळ त्या ओळींत आहे.

नियम असा. ज्या सोंगटीवर तुम्ही अडला आहात, ती तुमच्याच पुढ्यातल्या ओळीत आधी पडलेली असेल, तर दुसऱ्याने टाकलेल्यावर तुम्हाला जिंकता येत नाही. याला फुरितेन म्हणतात. आणि हे एका सोंगटीपुरतं नसतं, सगळ्या अडकलेल्या सोंगट्यांना लागू होतं. समजा हातात पिन ४-५ आहे, म्हणजे ३ किंवा ६ हवी. सुरुवातीला नको म्हणून तुम्ही पिन ३ टाकली होती. आता कोणी ६ टाकली तरी रोन नाही. तुम्ही म्हणाल, मी ३ टाकली होती, ६ कुठे टाकली? चालत नाही. स्वतःच्या हाताने उचलली तर मात्र ३ काय नि ६ काय, दोन्हींवर जिंकता येतं.

आता हाच नियम समोरच्याच्या बाजूने बघा. त्याने रीची लावलाय, घाबरायला झालंय, काय टाकू कळत नाहीये. त्याच्या पुढ्यातल्या ओळीत जे जे पडलंय, त्यावर तो रोन करूच शकत नाही. म्हणजे त्याच्याच ओळीतली सोंगटी तुमच्या हातात असेल तर ती त्याच्यापुरती शंभर टक्के निर्धोक. तिला गेनबुत्सु म्हणतात. आणि इकडे रोन झाला की सगळी भरपाई टाकणारा एकटाच देतो. बाकीचे दोघे चहा पितात. त्यामुळे कोणी काय टाकलं, कुठल्या क्रमाने टाकलं, हे चौघांनाही कधीही बघता आलं पाहिजे. तुझा शेजारी तुझ्या सोंगट्या सरळ करत होता ते त्याच्या स्वतःच्या जिवासाठी, बाळा.

रीचीची सोंगटी आडवी का? रीची कधी लागला ते ओळीत दिसावं म्हणून. त्याआधी त्याने काय टाकलं यावरून हात वाचतात. ४ पडली असेल तर १ आणि ७ त्यातल्या त्यात बऱ्या, असा एक ठोकताळा आहे, सुजी म्हणतात. कारण २-३ धरून बसलेला १ आणि ४ दोन्हींची वाट बघत असणार, आणि ४ त्याने टाकली आहे म्हणजे फुरितेन. पण हा ठोकताळाच. माणूस १-१ नाहीतर ७-७ अशा वाकड्या वाटेनेही बसलेला असू शकतो, आणि मग सुजीवर विसंबलेले माझ्यासारखे लोक बारा-बारा हजार भरतात.


टपरीवरचा_तज्ज्ञ
शनिवार, रात्री ९.३०

म्हणजे थोडक्यात जुगार. तिकडे कायदा नाही का काही?


चिबाकाका
शनिवार, रात्री १०.१२

आहे की. पैसे लावणं बेकायदाच. माजोंगच्या जागांना जानसो म्हणतात, त्यांना वेगळा परवाना लागतो आणि अठराच्या आतल्यांना आत घेत नाहीत. कायदा आहे म्हणून कोणी लावत नाही असं मात्र म्हणणार नाही. मे २०२० मध्ये टोकियोच्या वरिष्ठ सरकारी वकिलांच्या कार्यालयाचे प्रमुखच पत्रकारांबरोबर पैसे लावून खेळल्याचं छापून आलं. तेही करोनाची आणीबाणी चालू असताना. राजीनामा द्यावा लागला.

दुसरी बाजूही आहे. केन्को माजोंग, म्हणजे आरोग्यदायी माजोंग. लावायचं नाही, प्यायचं नाही, ओढायचं नाही. दुपारी जाऊन बघ, पंचाहत्तरीच्या आज्या कशा धडाधड पॉन म्हणतात ते. २०१८ पासून व्यावसायिकांची एम-लीगही आहे, संघ वगैरे करून खेळतात, तिथेही जुगाराला थारा नाही. माझी बायको आधी या खेळाच्या नावाने बोटं मोडायची. आता तिचाच एक आवडता संघ आहे आणि रिमोट मला मिळत नाही.

अवांतर: ऑफिसात कोणी गोंधळून गेला की त्याला 'तेनपात्तेरु' म्हणतात ना? तो शब्द इथला. तेनपाई म्हणजे एका सोंगटीने अडलेला हात. तशा अवस्थेत माणसाला दुसरं काही सुचत नाही. चोनबो म्हणजे घोडचूक, हेही आता कुठल्याही चुकीला म्हणतात. बिंगोत एक आकडा उरला की ओरडतात तो रीचीही हाच.


जुनी_पानं
रविवार, सकाळी ८.२०

इतिहासाची थोडी भर, कारण "प्राचीन चिनी खेळ" असं कोणीतरी लिहिणारच, त्याआधी. आज दिसतो तसा माजोंग एकोणिसाव्या शतकातला, फार जुना नाही. १९२०च्या दशकात अमेरिकेत त्याचं वेड पसरलं. जपानातही तो तेव्हाच फोफावला. १९२९ मध्ये तिथे निहोन माजोंग रेनमेई नावाची संस्था निघाली, तिचे पहिले अध्यक्ष लेखक किकुची कान. रीची लावणं आणि डोरा (गुण वाढवणारी सोंगटी) ही मात्र महायुद्धानंतर रुळलेली भर. म्हणजे ज्याला आपण इथे जपानी माजोंग म्हणतोय तो वयाने साधारण आपल्या माईंच्या पिढीचा.


कुलाब्याची_माई
रविवार, सकाळी ८.५५

वय काढायचं काम नव्हतं.


सोंगटी_शिकाऊ
रविवार, सकाळी ११.३०

माझा अडथळा याच्याही आधीचा आहे. नवरा शिकवायला तयार आहे, पण मला त्या मानवरच्या अक्षरांतलं काही कळत नाही. पिन मोजता येतात, बांबू मोजता येतात. तिथे नाव लावायचं तरी कसं?


रमीबहाद्दर
रविवार, दुपारी १२.०५

चित्रं धर. खालचं लाल अक्षर दहा हजार, ते सगळ्यांना सारखंच, तिकडे बघूच नकोस. वरचं बघ. १, २, ३ म्हणजे आडव्या रेघा, तेवढ्याच. ४ म्हणजे चौकोनी खिडकीला दोन पडदे. ५ सगळ्यात गिचमिड. ६ म्हणजे टोपी घातलेला दोन पायांचा माणूस. ८ म्हणजे मिशा. उरले ७ आणि ९, त्यातला शेपटी बाहेर काढून वळवलेला... दोन्ही तसेच आहेत की. असो, दोन दिवसांत बसतं.

एक सापळा: पश्चिमेचा वारा त्या खिडकीसारखाच दिसतो. खाली लाल अक्षर नसेल तर वारा.

आणि एक बांबू म्हणजे बांबू नव्हेच, पक्षी असतो. जपानी संचात बहुतेकदा मोर. माझ्या मुलीने सगळ्यात आधी तोच ओळखला. आता मोर आला की टाकूच देत नाही, त्यापायी दोन डाव घालवलेत.


हिशेबनीस
रविवार, रात्री ८.४०

एवढं सगळं झालं, पण गुणांचं कोणी बोललं नाही. खरी मेख तिथे आहे. हान (याकूचे गुण), फू (हाताच्या ठेवणीचे बारीक गुण), त्यांचा गुणाकार, वर शंभरात पूर्णांक. मी तर म्हणतो फू मोजायला पहिल्या दिवसापासून शिकावं, नाहीतर आपण कशासाठी खेळतोय तेच कळत नाही.


रमीबहाद्दर
रविवार, रात्री ९.०२

साफ असहमत. फूच्या नादाने चार जणांना मी हा खेळ सोडताना बघितलंय. नवशिक्याने हान मोजावेत. प्रत्येक याकूला हान ठरलेले आहेत: रीची एक, तानयाओ एक, याकुहाई एक. शिवाय डोरा. उचलायच्या सोंगट्यांची समोर भिंत रचलेली असते, तिच्यात एक सोंगटी उताणी असते, तिच्या पुढची सोंगटी म्हणजे डोरा. ७ दिसली तर ८, ९ दिसली तर वळून १. हातात जितक्या डोरा तितके हान वाढले. पण डोरा म्हणजे याकू नव्हे! पाच डोरा घेऊन याकूविना बसलेला माणूस भिकाऱ्याहून भिकारी. बऱ्याच संचांत प्रत्येक रंगाची एक पाच लाल असते, तीही डोराच.

साध्या ३० फूच्या हाताला रोनवर एका हानला १०००, दोनला २०००, तीनला ३९००, चारला ७७००. पाच हान झाले की मानगान, ८०००, तिथून पुढे फू बघायचेच नाहीत. सहा-सातला १२०००. सगळ्यात वर याकुमान, ३२०००. सुरुवातीला प्रत्येकाकडे २५००० असतात हे लक्षात घेतलं तर कशाला किती घाम फुटावा याचा अंदाज येतो.

हे झालं को साठी. ओयाला दीडपट.


सोंगटी_शिकाऊ
रविवार, रात्री ९.२०

ओया-को म्हणजे?


चिबाकाका
रविवार, रात्री ९.४८

ओया म्हणजे आईबाप. पूर्वेला बसलेला, डाव वाटणारा. को म्हणजे लेकरं, उरलेले तिघे. आईबापाला जिंकल्यावर दीडपट मिळतं, आणि एखाद्या लेकराने स्वतः उचलून जिंकलं तर आईबापाला भावंडांच्या दुप्पट भरावं लागतं. यात न समजण्यासारखं काय आहे.

@हिशेबनीस, तुमचंही चूक नाही. पण मी वीस वर्षं खेळतोय आणि फू अजून शेजारीच मोजतो.


निशीकासाईकर
(पाच आठवड्यांनी) शनिवार, पहाटे १.१५

धागा वर काढतोय. काल परत गेलो होतो.

या वेळी तयारीने गेलो. मधल्या काळात रोज रात्री फोनवर दोन डाव खेळलो. फोनवर एक सोय आहे, याकू नसेल तर रोनचं बटणच उमटत नाही. त्याने सवय लागते की बिघडते हे मात्र काल कळलं.

पहिल्या चार डावांत मी तोंड उघडलं नाही. यजमानांना काळजी वाटली असावी, त्यांनी दोनदा विचारलं की बरं वाटतंय ना. पाचव्यात हात बंद, पिन ३-६ वर अडलो. आडवी सोंगटी, हजाराची काडी, "रीची". आवाज बेताचा ठेवला, पोर झोपलेलं होतं. दुसऱ्याच फेरीला उजवीकडच्याने पिन ६ टाकली. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात स्वतःच्या पुढ्यात नजर गेली. पिन ३. पहिल्या ओळीतली दुसरी. बटण असतं तर ते दिसलंच नसतं आणि मला काही कळलंच नसतं. इथे सोंगटीच माझ्याकडे बघत होती.

उघडलेलं तोंड खोकून मिटलं. काकांनी दिलेलं अगदी तेच उदाहरण, पिन ४-५, आणि मी ते तीनदा वाचलं होतं!

मग तो अख्खा डाव मी फुरितेनमध्ये, हात बदलता येत नाही, रोन करता येत नाही, नुसता उचलतोय आणि टाकतोय. पण बाकीच्यांना कुठे माहीत? ते बिचारे माझ्या रीचीला घाबरून माझ्याच ओळीतल्या सोंगट्या शोधून शोधून टाकत होते. एकाने तर जमत आलेला हात मोडला. शेवटी भिंत संपली. मी एकटाच तेनपाई, म्हणून तिघांनी हजार-हजार दिले. काडी गेली ती गेली, तरी दोन हजार वरच. हात उघडून दाखवला तेव्हा यजमानांनी आधी माझ्या सोंगट्या बघितल्या, मग माझी ओळ बघितली, मग पुन्हा सोंगट्या. आणि मग जे हसत सुटले. पोर उठलं.


रमीबहाद्दर
शनिवार, सकाळी ८.०५

चोनबोपासून पाच आठवड्यांत फुरितेन रीचीपर्यंत. प्रगती आहे.


कुलाब्याची_माई
शनिवार, सकाळी ८.३१

त्या पोराला एकदा काहीतरी चांगला खाऊ न्या.

मी तुमच्यामुळे नातवाकडून फोनवर ते जपानी उतरवून घेतलं. फुलं नाहीत म्हणून चुकल्याचुकल्यासारखं होतं. पण त्या ओळी मला आवडल्या बाई. ढिगात सगळं विसरायला व्हायचं.


निशीकासाईकर
शनिवार, रात्री १०.४७

माई, पुढच्या महिन्यात मोदक नेतोय.

आता एक कोडं, आत्ता फोनवरचा डाव थांबवून विचारतोय, घड्याळ चालू आहे. बंद हात, चौदा सोंगट्या:

मान २-३-४, मान ६-७, पिन ३-४-५ आणि वर एक पिन ५, बांबू ४-५-६, बांबू ८-८.

दोन पाचांतली एक लाल आहे. भिंतीत बांबू ७ उताणी. काय टाकू?


हिशेबनीस
शनिवार, रात्री १०.४८

यात विचारायचं काय? पिन ५ टाक, साधी, लाल ठेव. मान ५-८ वर तेनपाई. रीची एक, तानयाओ दोन, सगळे सिक्वेन्स, साधी जोडी आणि दोन्हीकडून उघडी वाट म्हणून पिन्फू तीन, लाल चार, बांबू ८ डोरा दोन म्हणजे सहा. रोनवर १२०००. लाव रीची!


सोंगटी_शिकाऊ
शनिवार, रात्री १०.४८

रीचीच रीची!


चिबाकाका
शनिवार, रात्री १०.४९

थांब. तुझ्या पुढ्यात काय काय पडलंय ते आधी सांग. मान ५ किंवा ८ आहे का त्यात?


निशीकासाईकर
शनिवार, रात्री १०.४९

मान ८. पहिल्या ओळीतली चौथी.